हप्ता, चौथाई आणि पोलाद

मराठीत बँकेच्या कर्जाचाही हप्ता असतो आणि गल्लीतल्या दादाचाही. मूळ फारसी शब्दाचा अर्थ नुसता आठवडा. ठरल्या दिवशी येऊन पैसे नेणाऱ्या दोघांना भाषेने वेगळी नावे दिलीच नाहीत. रस्त्याकडेला वडापावची गाडी लावणारा माणूस यामागचे अर्थशास्त्र पुस्तक न उघडता जाणतो. महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम न्यायला येणारा गुंड त्याला नकोसा असतो, पण तो हिशेबात बसतो. वड्याच्या किमतीत दादाचा वाटा धरता येतो. कधी येईल, किती मागेल, जाताना गाडी उलटवील का, याचा नेम नसलेल्या माणसापुढे मात्र हिशेबच चालत नाही. अशा रस्त्यावर कोणी दुसरी गाडी टाकत नाही, तेलाचा जादा डबाही भरून ठेवत नाही.

विकासाच्या पुस्तकांत या गाडीला फारशी जागा नसते. तिथे भांडवल असते, मजूर असतात, तंत्रज्ञान असते, व्याजदर असतो. हिंसा येते ती अवकाळी पावसासारखी: दंगल झाली, कारखाना बंद पडला, पुढच्या वर्षी सुरू झाला. जगाच्या बहुतेक भागांत आणि इतिहासाच्या बहुतेक काळात क्रम उलटा होता. कोण कोणाला मारू शकतो आणि न मारण्याचे काय घेतो, हे आधी ठरायचे. बाजार त्यानंतर भरायचा. राजकारण म्हणजे बऱ्याच अंशी हा न मारण्याचा करार. एखाद्या मुलखाची भरभराट होणार की धूळधाण, हे पुष्कळदा त्या कराराच्या मुदतीवर ठरते.

मॅन्कर ओल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली एका लेखात हा विचार अगदी सोप्या गोष्टीतून मांडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चीनमध्ये केंद्रसत्ता नावापुरती उरली होती आणि प्रांतोप्रांती लष्करी सरदार माजले होते. त्यांच्यापैकी फंग युश्यांग याने ‘पांढरा लांडगा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दरोडेखोराच्या मोठ्या टोळीचा मोड केला होता आणि लोक त्याला मानत होते. ओल्सनला कोडे पडले. दरोडेखोर एकदाच लुटून निघून जातो. सरदार तर दरवर्षी कर उकळतो. मग लोकांना कायमचा लुटारू का हवा? उत्तर त्याला दोघांच्या स्वार्थात सापडले. फिरत्या दरोडेखोराला उद्याशी काही घेणे नसते, म्हणून तो बियाण्यापर्यंत सगळे उचलतो. ठाण मांडून बसलेल्याला पुढच्या वर्षीही याच शेतातून खायचे असते. तो बियाणे सोडतो, विहिरीला पैसे देतो, दुसऱ्या दरोडेखोराला वेशीबाहेर अडवतो. त्याला दया आलेली नसते, त्याला फक्त पुढचे वर्ष दिसत असते.

ओल्सनला हे चीनमध्ये दिसले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ते कधीचे बांधून ठेवलेले होते.

चौथाई ही शिवाजी महाराजांची कल्पना, असा समज महाराष्ट्रात सर्रास आढळतो. तो खरा नाही. रामनगरचा, म्हणजे आजच्या धरमपूर भागाचा, राजा दमणच्या पोर्तुगीजांकडून त्यांच्या गावांना उपद्रव न देण्याबद्दल उत्पन्नाचा चौथा हिस्सा आधीपासून घेत होता. महाराजांनी रामनगर जिंकले आणि हा हक्कही आपल्याकडे ओढला. पुढे या छोट्याशा सरहद्दीवरच्या व्यवहाराचे एका साम्राज्याचे अर्थशास्त्र झाले. मात्र महाराजांच्या कारभारात दोन नियम शेजारी शेजारी नांदत होते, हे लक्षात घ्यायला हवे. सुरत १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये लुटली गेली. ती शत्रूची पेठ होती. पण स्वराज्यातल्या रयतेच्या भाजीच्या देठालाही कोणी हात लावू नये, अशी सक्त ताकीद होती. प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना १६७६ साली गेलेले पत्र तर आजच्या कृषी खात्यानेही वाचावे असे आहे. गावोगाव फिरून कुणबी गोळा करावेत, माणूसबळ असून बैल नसतील त्याला बैलासाठी पैसे द्यावेत, पोटाला धान्य द्यावे, आणि वसुली करताना व्याज न लावता नुसते मुद्दल त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू घ्यावे, असा त्याचा आशय. यासाठी दोन लाख लारी नाणे खर्ची पडले तरी चालेल, असेही त्यात आहे. एकच सत्ता, एकच लष्कर. उद्या जिथे राहायचे तिथे बैल द्यायचे. जिथून फक्त जायचे तिथून न्यायचे.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले, तेव्हा या व्यवहाराला बादशाही शिक्का मिळाला. दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांना मिळाली. ती फुकट नव्हती. चौथाईच्या बदल्यात बादशहाच्या मदतीला १५,००० स्वार ठेवायचे, सरदेशमुखीच्या बदल्यात मुलखातल्या चोरदरोडेखोरांचा बंदोबस्त करायचा, वर वर्षाला दहा लाखांची पेशकश भरायची. कागदावर पाहता हे संरक्षणाचे कंत्राटच होते. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चौथाईची तुलना लॉर्ड वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली, ती याच बळावर.

रानड्यांची तुलना मराठी अभिमानाला गोंजारणारी आहे, आणि अर्धी बरोबरही आहे. उरलेले अर्धे उत्तर चौथाईच्या वाटणीत सापडते. वसुलीचा चौथा हिस्सा ‘बाबती’ म्हणून छत्रपतींकडे जायचा, ‘साहोत्रा’ आणि ‘नाडगौडा’ मिळून आणखी नऊ टक्के बाजूला निघायचे, आणि उरलेले ६६ टक्के ‘मोकासा’ म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदारांना मिळायचे. म्हणजे दोन तृतीयांश रक्कम, ती वसूल करण्याची ताकद ज्याच्याकडे होती त्याच्याच हाती राहत होती. सरदाराला फौज पोसायला मुलूख हवा आणि मुलूख मिळवायला फौज हवी, असे हे चाक होते. दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्याच्या तोंडाला परत. त्या मुलखात पुढच्या वर्षी काय पिकेल हा प्रश्न, तिथे राहायचे ठरले तरच पडायचा.

राहायचे ठरले तेव्हा काय झाले, ते माळव्यात दिसते. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याला मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला, तोवर माळवा ही मुलूखगिरीचीच जागा होती. नर्मदा ओलांडायची, खंडणी ठरवायची, न मिळाल्यास जाळपोळ करायची. पण उत्तरेच्या वाटेवरचा हा सुपीक पट्टा हातचा घालवून चालणार नव्हते. होळकर, शिंदे, पवार तिथेच रुजले आणि १७४१ मध्ये बादशाही फर्मानानेही ती वस्तुस्थिती मान्य केली. त्यानंतरचे कागद वाचले तर भाषा पालटलेली दिसते. खंडणीच्या जागी जमाबंदी येते. वसुली अधिकाऱ्याला, म्हणजे कमाविसदाराला, परगण्याच्या ठरलेल्या वसुलीतला काही भाग आगाऊ भरावा लागे; त्याला रसद म्हणत. ती रक्कम तो सावकाराकडून उचलायचा, त्यामुळे गाव जगले पाहिजे ही आता सावकाराचीही गरज झाली. ओस पडलेल्या गावांसाठी कौल, म्हणजे सवलतीची हमीपत्रे, निघू लागले. इस्तावा पद्धतीने पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा जास्त, असे करत काही वर्षांत पूर्ण आकारणी. बैलांसाठी, विहिरींसाठी तगाई, म्हणजे सरकारी उचल. पेशव्यांच्या कागदांवर काम करणारे अमेरिकी इतिहासकार स्टुअर्ट गॉर्डन यांनी माळव्यातला हा पालट तपशिलाने दाखवला आहे. काल ज्या घोड्यांच्या टापांनी उभे पीक तुडवले, त्याच घोड्यांचे मालक आज पेरणीला पैसे देत होते. अहिल्याबाई होळकरांचा १७६७ ते १७९५ हा काळ या प्रवासाचे शेवटचे टोक मानता येईल.

बंगालच्या वाट्याला मात्र पहिलाच अंक आला, आणि तोही पुन्हा पुन्हा. नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे शिरल्या. मुर्शिदाबादेत जगत्‌शेठ यांची पेढी लुटली गेली. कलकत्त्याच्या इंग्रज वखारीने घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. सुमारे तीन मैल खणून झाला आणि मग अर्धवट राहिला. ‘मराठा डिच’ हे नाव शहराच्या बोलण्यात राहिले आणि खंदकाचा काही भाग बुजवून पुढे सर्क्युलर रोड झाला. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या मराठा स्वाराला बारगीर म्हणत. त्याचा बंगालीत ‘बर्गी’ झाला आणि तो अंगाईगीतात जाऊन बसला. झोप नाहीतर बर्गी येईल, असे आया मुलांना सांगू लागल्या. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने या स्वाऱ्यांवर रचलेल्या काव्याचे नाव ‘महाराष्ट्र पुराण’ आहे. महाराष्ट्रात ते फारसे कोणी वाचत नाही, यात नवल नाही. गंगेच्या पश्चिमेकडचे विणकर, व्यापारी, शेतकरी पूर्वेला पळाले. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली आणि ओडिशा मराठ्यांच्या हाती गेला, तेव्हा स्वाऱ्या थांबल्या. बारा लाखांचा हप्ता बंगालला स्वस्त पडला, इतके त्याआधीचे नऊ वर्षांचे नुकसान मोठे होते.

दोन्हीकडे माणसे तीच होती. धर्म तोच, भाषा तीच, घोडेही तेच. बदलला होता तो फक्त मुक्काम. म्हणूनच ‘मराठे लुटारू होते’ हे बंगाली शाळकरी मत आणि ‘मराठे राष्ट्रनिर्माते होते’ हे मराठी शाळकरी मत, दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही अपुरी.

ओल्सनच्या गोष्टीत एक उणीव आहे. ठाण मांडलेला दरोडेखोर उठून पुन्हा फिरता होऊ शकतो, हे तो फारसे सांगत नाही. मराठी इतिहासात ते घडले. १७९४ ते १८०० या सहा वर्षांत महादजी शिंदे, अहिल्याबाई, सवाई माधवराव आणि नाना फडणवीस एकामागून एक गेले. कोण कोणाला मारू शकतो, हा मिटलेला प्रश्न पुन्हा उघडा पडला. शिंद्यांच्या कवायती पलटणींना रोख पगार लागत होता आणि तो थकला की पलटणी शिंद्यांवरच उलटणार होत्या. १७९८ मध्ये दौलतराव शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटगे याने पुण्यातल्या धनिकांना पकडून, छळून पैसे काढले. शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात साहुकारांना राज्याचे भूषण म्हटले होते. त्यांच्या संरक्षणावर राज्याची श्रीमंती उभी असते असे बजावले होते. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत त्या भूषणाची पुण्याच्या वाड्यांत अशी दशा झाली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला, पेशवा दुसरा बाजीराव पळाला, आणि वर्षअखेर वसईला इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली गेला.

खानदेशाने याची किंमत मोजली. होळकरांच्या फौजा, पेंढारी, पगार न मिळालेले शिपाई, सगळ्यांनी तो प्रांत तुडवला आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. जुन्या कागदांत ओस गावासाठी शब्द आहे ‘बेचिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे. आज आपण ‘बेचिराख’ म्हणतो आणि आपल्याला राख दिसते. मूळ शब्दात राख नव्हती, विझलेला दिवा होता. उरलेल्या मुलखात दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जास्त बोली लावील त्याला परगणा. वर्ष संपण्याआधी कोणी वरचढ बोली लावली तर पहिला मक्तेदार घरी. अशा माणसाने तगाई कशासाठी द्यावी? विहीर खणली तर पाणी दुसराच पिणार. १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात या पद्धतीचे वाभाडे काढले आहेत. त्याला इंग्रज राजवट चांगली ठरवायची होती हे खरे, पण मक्त्याविषयी तो खोटे बोलत नव्हता.

लुटणाऱ्यांची संख्या वाढली की काय होते, याचा अनुभव मुंबईने अलीकडेही घेतला. १९९३ नंतर टोळ्या फुटल्या आणि एकाच बिल्डरला दोन-तीन टोळ्यांचे फोन जाऊ लागले. प्रत्येक टोळी आपला वाटा काढताना दुसरीने किती काढला याची फिकीर करत नाही, म्हणून अनेकांचा थोडा थोडा हप्ता एका दादाच्या जबर हप्त्याहून भारी पडतो. १२ ऑगस्ट १९९७ ला कॅसेट उद्योजक गुलशन कुमार यांचा भर रस्त्यात खून झाला. दोन वर्षांनी संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा आला.

पण नुसते ठाण मांडल्याने कारखाने उभे राहत नाहीत. माळव्याची शेती सावरली, तरी माळव्यात तेवढ्याने कारखानदारी उभी राहिली नाही. पैसा कमी पडला तर सावकार होता आणि सावकार तटला तर पुढचा मुलूख होता. मराठी सत्तेला धोके भरपूर होते, पण प्रत्येक धोक्यातून सुटायची वाट दुसऱ्याच्या तिजोरीतून जात होती. ही वाट बंद झाली तर काय होते, ते पाहायला दीडशे वर्षे पुढे आणि दक्षिण कोरियापर्यंत जावे लागते.

कोरियातला पहिला करार जमिनीचा. मार्च १९४६ मध्ये उत्तरेतल्या कम्युनिस्टांनी जमीनदारांच्या जमिनी काढून कुळांना वाटल्या. दक्षिणेतल्या कुळांना ही बातमी कळायला वेळ लागला नाही. दक्षिणेतले सरकार जमीनदारांच्या प्रेमातले होते, पण बंडाची भीती त्या प्रेमाहून मोठी निघाली. १९४९-५० च्या कायद्याने जमीनधारणेवर सुमारे तीन हेक्टरांची मर्यादा आली, आणि मालकांना मिळालेले रोखे युद्धकाळातल्या महागाईने कवडीमोल झाले. एका पिढीत जमीनदार वर्ग संपला. पुढे उद्योगांना आडवे येऊ शकणारी सर्वांत जुनी ताकद अशी वाटेतून दूर झाली. तैवाननेही १९५३ मध्ये जवळपास तेच केले, तेही समुद्रापलीकडच्या माओच्या धाकाने.

दुसरा करार १९६१ चा. १६ मे रोजी जनरल पार्क चुंग-ही याने सत्ता बळकावली आणि थोड्याच दिवसांत बेकायदा संपत्तीच्या आरोपाखाली बड्या उद्योगपतींना उचलले. सॅमसंगचा संस्थापक ली ब्युंग-चुल तेव्हा जपानमध्ये होता. तो परतला, पार्कला भेटला, आणि सौदा ठरला: तुरुंग नाही, दंड भरा, आणि सरकार सांगेल ते कारखाने उभारा. बँका सरकारने ताब्यात घेतल्या, म्हणजे कर्जाची नाडी पार्कच्या हाती आली. आता यात आणि सर्जेराव घाटग्याच्या कारभारात फरक काय? दोघांनीही श्रीमंतांना धमकावलेच. घाटग्याला त्या आठवड्याचा पगार वाटायचा होता. पार्कला दहा वर्षांनी पोलाद हवे होते.

का हवे होते, याचे उत्तर पार्कच्या देशप्रेमात शोधायची गरज नाही. २१ जानेवारी १९६८ रोजी उत्तर कोरियाचे ३१ कमांडो त्याला मारण्यासाठी सोलमध्ये घुसले आणि राष्ट्राध्यक्षांच्या निवासापासून काही शे मीटरवर अडवले गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष निक्सनने आशियातल्या मित्रांना आपापल्या बचावाची जबाबदारी उचलायला सांगितले, आणि १९७१ मध्ये अमेरिकेने कोरियातून सुमारे २०,००० सैनिकांची डिव्हिजन काढून घेतली. अमेरिकी मदतीचा ओघ आधीच आटत होता. लुटायला शेजार नाही, उपसायला तेल नाही, आणि मानेवर सुरी. बंदूक हवी तर पोलाद हवे; पोलादाला डॉलर हवेत; डॉलरसाठी विग, कपडे, प्लायवुड काहीही परदेशी विकले पाहिजे. जपानशी १९६५ मध्ये झालेल्या करारातून ३० कोटी डॉलर भरपाई आणि २० कोटींचे कर्ज आले होते. त्यातला पैसा पोहांगच्या पोलाद कारखान्याकडे वळवला गेला. जागतिक बँकेने हा प्रकल्प अव्यवहार्य ठरवला होता. १९७३ मध्ये पोहांगच्या भट्टीतून लोखंड वाहू लागले. १९६४ मध्ये कोरियाची निर्यात दहा कोटी डॉलरवर पोचली म्हणून तिथे उत्सव झाला होता. १९७७ मध्ये ती एक हजार कोटी डॉलर झाली.

धोका हाच विकासाचा गुरू, असा निष्कर्ष इथून काढायचा मोह होतो. तो पाकिस्तानपाशी अडकतो. धोक्याची भावना तिथेही कमी नव्हती, लष्करशाहीही पार्कच्या अडीच वर्षे आधी, ऑक्टोबर १९५८ मध्ये आली. पण अयुबखानाच्या १९५९ च्या जमीन सुधारणेत कमाल मर्यादा ओलिताखालच्या ५०० एकरांची होती. कोरियातली मर्यादा एकरांत मोजली तर साडेसात भरते. आणि पाकिस्तानात भूगोलच उत्पन्न देत होता. अफगाणिस्तानात रशियन फौजा उतरल्यावर १९८१ मध्ये अमेरिकेने ३.२ अब्ज डॉलरची मदत ठरवली. धोकाच जिथे चौथाई मिळवून देतो, तिथे तो संपवण्यात कोणाचे हित? निर्यातीसाठी घाम गाळण्यापेक्षा नकाशावरची जागा भाड्याने देणे सोपे. उत्तर कोरियाची गोष्टही वेगळी नाही. साठच्या दशकात उद्योगांत तोच पुढे होता. पण भीतीवर त्याला उत्पादनाबाहेरचा उतारा सापडला, आधी मॉस्को-पेकिंगची मदत आणि मग बॉम्ब.

तेव्हा प्रश्न धोका किती हा नाही. तो कोणाच्या मानेवर बसला आहे, आणि त्याला सुटकेची दुसरी वाट आहे का, हे विचारायला हवे. कोरियातही सुरी नेहमी राज्यकर्त्याच्याच मानेवर राहिली नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी चन ते-इल या बावीस वर्षांच्या शिवणकामगाराने सोलच्या बाजारात कामगार कायद्याची प्रत हातात घेऊन स्वतःला पेटवून घेतले. कोंदट माळ्यांवर चौदा-पंधरा तास राबणाऱ्या मुलींसाठी तो भांडत होता. मे १९८० मध्ये ग्वांगजूत लष्कराने आपल्याच नागरिकांवर गोळ्या झाडल्या. निर्यातीच्या आकड्यांत ही खर्चाची बाजू दिसत नाही, आणि पार्कचे गोडवे गाणारे आपल्याकडचे शिस्तप्रेमी ती पाहतही नाहीत. पार्क स्वतः ऑक्टोबर १९७९ मध्ये त्याच्याच गुप्तचर प्रमुखाच्या गोळीला बळी पडला. एका माणसाच्या आयुष्याएवढी मुदत असलेल्या कराराचा हा ठरलेला शेवट. १९८७ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून थेट निवडणूक मिळवली, तेव्हा कुठे सत्ता गोळीवाचून हात बदलू लागली.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला हा सगळा हिशेब अजून मांडला जातो आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, त्याच्या दोन वर्षे आधी गोदावरी-प्राणहितेपलीकडून नक्षल दलम, म्हणजे सशस्त्र तुकड्या, इथे येऊ लागले होते. त्यांचे पहिले काम एखाद्या कामगार संघटनेसारखे होते. तेंदूपत्त्याच्या पुड्यांना आणि बांबूतोडीला ठेकेदार जे फुटकळ दर देत, ते दलमच्या धाकाने वाढले. गोंड-माडिया मजुराच्या हाती प्रथमच बरे पैसे आले, हे त्यांचे कडवे विरोधकही नाकारत नाहीत. पण त्याच ठेकेदाराकडून दलम आपलाही हिस्सा घेऊ लागले. वन खात्याला रॉयल्टी, दलमला वर्गणी, आणि उरले ते मजुराला. एका गाडीवर दोन दादा.

मग ज्याचा हिस्सा हंगामी जंगलमालावर चालतो, त्याला रस्ता नकोसा होतो. रस्त्यावरून रुग्णवाहिका येते तशी पोलिसांची गाडीही येते. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून अधिक वाहने जाळली गेली, आणि तिकडे निघालेल्या पोलिसांच्या गाडीखाली जांभूळखेड्याजवळ स्फोट होऊन १५ जवान आणि चालक मरण पावले. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात उत्तम लोहखनिज आहे. तिथला खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला. २०१३ मध्ये खाण कंपनीच्या अधिकाऱ्यासह तिघांना मारण्यात आले, डिसेंबर २०१६ मध्ये पाऊणशेहून अधिक वाहने पेटवली गेली. २०२१ पासून पोलीस बंदोबस्तात उत्खनन जोरात सुरू आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने गडचिरोलीतच सुमारे साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली.

दोन दादांपैकी एक गाडीवरून उठला. हे चांगले झाले. शाळेच्या इमारतीत सुरुंग पेरणाऱ्यांसाठी अश्रू ढाळायचे कारण नाही. पण उरलेल्याचा करार कोणाशी आणि किती मुदतीचा, हा प्रश्न तसाच आहे. खनिज कधीतरी संपते. खाणीला गावाच्या पुढच्या पन्नास वर्षांशी देणेघेणे ठेवावे लागत नाही, त्या अर्थी खाणही फिरतीच. पोहांगमध्ये पोलाद हवे होते कारण राज्यकर्त्याला तिथेच जगायचे किंवा मरायचे होते. सुरजागडमध्ये जगायचे आणि मरायचे कोणाला आहे, हे उघड आहे, आणि खाणपट्ट्याच्या करारावर सही त्यांची नाही. आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा जंगलाच्या कारभारातली सही ग्रामसभेला देतात. पण कायद्याने दिलेली सही कागदावर उमटायला वेळ लागतो, हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला चांगले माहीत आहे. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क गावाला २००९ मध्ये मिळाला, तरी बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना वन खाते देईना. बांबू हे झाड की गवत, यावर दोन वर्षे घोळ चालला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिले. त्या पुस्तकातल्या परवान्यांवर ग्रामसभेची सही चालते.